लीलाताईंचं माहेरपण

माझ्या नवऱ्याच्या अंगात माझी नणंद राहते. हे मी गल्लीत पहिल्यांदा बोलले तेव्हा शेजारच्या पुष्पाबाईंनी लगेच एका भगताचा पत्ता सांगितला. त्यांचा दोष नाही. आमच्या लिंबायतमध्ये, सुरतेतल्या ह्या खानदेशी वस्तीत, कुणाच्या ना कुणाच्या अंगात येतच असतं आणि नारळ-लिंबावर मिटतंही. आमच्याकडे मात्र हे काम डॉक्टरांनी केलं होतं, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, आमच्या सह्या घेऊन. त्याला भगत काय करणार?

आमचे हे म्हणजे योगराज. एका कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचे. ह्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. औषधांनी भागेना, म्हणून मुंबईला हाडांतला मगज बदलायचं ठरलं. तो सख्ख्या भावंडाचा जुळला तर जुळतो. ह्यांना भावंड एकच, डिंडोलीला दिलेली थोरली बहीण लीला, आणि तिचा तंतोतंत जुळला. सासूबाईंनी, मालतीबाईंनी, गल्लीत पेढे वाटले. मलाही आनंद झाला. पण आता हे उपकार जन्मभर ऐकावे लागणार, हेही मला त्याच क्षणी कळून चुकलं.

लीलाताईंचं आणि माझं कधी पटलं नाही. बाई मनाने वाईट नव्हत्या. पण घरात पाऊल टाकलं की आधी माझे डबे उघडून बघायच्या, आणि डाळीत पाणी जास्त झालं की थेट माझ्या माहेरापर्यंत पोचायच्या. चंचल हे माझं चांगलं नाव त्यांनी कधी तोंडात घेतलं नाही, नुसतं 'भावजाई', तेही अशा ठसक्यात की हातातलं काम टाकून उभं राहावं लागे. जेवताना कच्च्या लसणाच्या पाकळ्या कचाकचा चावायच्या. त्या येऊन गेल्या हे मला गल्लीच्या तोंडाशीच कळायचं.

मगज बदलल्यावर ह्यांचा रक्तगट बदलला, बहिणीचा झाला. पुढे एकदा गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं तर लॅबवाल्याने उलट फोन केला, तुमची बाटली बदलली आहे, हे रक्त बाईचं दिसतंय. सुरतेत ह्यांना बघणाऱ्या डॉक्टर मॅडम हसल्या. गुजराती होत्या, पण मुंबईत शिकलेल्या, मराठी नीट बोलायच्या. म्हणाल्या, "बाटली बरोबर आहे. रक्त लीलाबेनचंच तयार होतंय." हे पण हसले. मला काही हसू आलं नाही. घरी आल्यावर ह्यांचं बोट कापलं आणि रक्त आलं, तेव्हा ते पुसायला माझा हात लवकर पुढे गेला नाही.

दोन वर्षं बरी गेली. मग रोगाने परत डोकं वर काढलं. मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "चंचलबेन, मगज घर बांधतो. पण रोगाशी भांडतात त्या पांढऱ्या पेशी. लीलाबेनच्या पांढऱ्या पेशी काढून घेऊ आणि यांच्या अंगात सोडू. त्या रोगाला शोधून मारतील."

"आणि ह्यांना?" मी विचारलं.

"भीती तीच आहे. पेशी बहिणीच्या, शरीर भावाचं. त्यांना घर परकं वाटलं तर घरावरही उठतील. कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवर." मग त्या म्हणाल्या, "परदेशात आता पेशीच बदलायचे प्रयोग चाललेत. अंगात सोडायच्या आधी त्यांना शिकवायचं, कुणाला मारायचं आणि कुणाला नाही. अतीच करायला लागल्या तर एका औषधाने थांबतील, अशी सोयही आतच करून ठेवायची. आपल्याकडे यायला बरीच वर्षं लागतील."

नणंदेला आधीच शिकवून पाठवायची सोय! मला ती फार पसंत पडली. पण आमच्या वाट्याला न शिकवलेलीच होती.

लीलाताई मुंबईला दोन्ही हातांत सुया घेऊन मशीनशेजारी पडून राहिल्या. एका हातातून रक्त निघायचं, मशीन हव्या त्या पेशी ठेवून घ्यायचं आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत जायचं. मी उशाशी बसले होते. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "भावजाई, चांगला राग भरी दिधा शे मी. रोग काय, तू बी घाबरशी." थोड्या पेशी त्याच दिवशी ह्यांना दिल्या. उरलेल्यांची पिशवी गोठवून ठेवली, पुढे लागली तर असू दे म्हणून.

आणि माघात लीलाताई गेल्या. डिंडोलीच्या रस्त्यावर रिक्षा उलटली, दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही. मला वाईट वाटलं. ज्या माणसाशी रोज मनातल्या मनात भांडावं ते असं एकाएकी गेलं की तोंडात शब्द अडकून राहतात, तसं माझं झालं.

सुतक फिटलं आणि मुंबईहून निरोप आला. पहिल्या पेशी कमी पडल्या होत्या, गोठवलेली पिशवी द्यावी लागणार होती. इस्पितळात मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, "देणारी तर गेली. पिशवी चालेल का?"

"देणारी गेली, पण पिशवीतल्या पेशी जिवंत आहेत," ते म्हणाले. सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि माझा दंड असा धरला की तिथे वळ उठले.

पिशवी एका टाकीतून निघाली. टाकीचं झाकण काढलं तेव्हा पांढरी वाफ जमिनीवर उतरली आणि आमच्या पायांवरून सरकत गेली. नर्सने पिशवी कोमट पाण्यात धरली. ती हळूहळू मऊ झाली. मग नळी जोडली आणि लीलाताई आपल्या भावाच्या अंगात उतरू लागल्या. दुसरा शब्द मला तेव्हाही सुचला नाही, आजही सुचत नाही. हे शांत पडून होते. थोड्या वेळाने ह्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि सगळी खोली कच्च्या लसणाच्या वासाने भरून गेली.

नर्स म्हणाली, "घाबरू नका. गोठवताना पेशींना एक औषध घालतात, त्याचा वास आहे. सगळ्याच पेशंटला येतो. दोन दिवसांत जाईल." सासूबाईंचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. त्या उठल्या, ह्यांच्या तोंडाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "लीला ऊनी."

नर्सचं खरं होतं. मला ते पटलंही. तरी सासूबाईंच्या आधी मीही मनात तेच म्हटलं होतं, लीलाताई आल्या.

घरी आल्यावर वास गेला. तपासण्यांत रोग हटत चालला होता. मग ह्यांचे तळहात लाल झाले, मेंदी धुतल्यावर दिसतात तसे. पुढे तळपाय, मग कान. मॅडमनी गोळ्या सुरू केल्या आणि आम्हा तिघांना बजावलं, "पेशी कामाला लागल्यात, पण घरावरही उठल्यात. या गोळ्या त्यांना दाबून ठेवतील. पूर्ण दाबायच्या नाहीत, नाहीतर रोग परत येईल. मोकळ्या सोडल्या तर माणूस हातचा जाईल. एकही गोळी चुकता कामा नये."

मी दिवसभर मार्केटमधल्या एका गोदामात साड्यांच्या घड्या घालायला जात होते. गोळ्या देण्याचं काम सासूबाईंनी घेतलं. त्यांच्याइतकं नेमाने वागणारं माणूस मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त होते.

पण घर बदललं. सासूबाई ह्यांना रोज गरम पाण्याने न्हायला घालू लागल्या. ह्यांच्या ताटाशेजारी लसणाच्या पाकळ्या ठेवू लागल्या. तोंडात फोड आले होते, हे त्यांना हातही लावत नसत, तरी पाकळ्या ठेवलेल्याच. लीलाताई माहेरी आल्या की स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बसायच्या. एक दिवस मी कामावरून आले तर हे तिथे, अगदी तसेच बसलेले, एक गुडघा वर घेऊन. अंगात ताप होता, डोळे अर्धवट मिटलेले. मी डाळ चुलीवर चढवली तर मागून आवाज आला, "भावजाई, डाळमा पानी जास्ती व्हई गये."

आवाज ह्यांचाच होता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी वळून बघितलं तर हे झोपलेले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "मी असं कशाला म्हणेन? ताप होता, बरळलो असेन." आणि डाळीत खरोखरच पाणी जास्त झालं होतं.

वैशाखात आखाजी आली. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशी लोकांची अक्षय तृतीया. त्या दिवशी घरी दोघांनी यायचं असतं. सासरी गेलेल्या लेकी, आमच्या बोलीत आंडेरी, माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. आणि मेलेली माणसंही येतात, त्यांच्यासाठी पाण्याची घागर भरून पुजायची असते. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर घागर चुकवून चालत नाही. सण तोंडावर आला तेव्हा लीलाताईंचे यजमान, लोटूभाऊजी, डिंडोलीहून सांगायला आले की लीलाची घागर भरतोय, सगळ्यांनी या.

सासूबाई पाट्यावर वाटण वाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मनी आंडेर माहेरले येल शे. जित्या मानूसनी घागर कसाले भरतस?"

लोटूभाऊजींना वाटलं, लेकीच्या दुःखाने म्हातारी भ्रमिष्ट झाली. ते समजुतीचं काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात पलंगावरच्या ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, चादरीचं टोक पदरासारखं हळूच डोक्यावरून पुढे ओढलं आणि तोंड भिंतीकडे केलं. थंडी वाजत असेल. ताप तर होताच. पण लोटूभाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तसाच ठेवून ते चपला घालून निघून गेले.

आखाजीच्या दिवशी गोदाम दुपारी सुटलं. घरी आले तर दारातच पुरणाचा आणि आंब्याचा वास. सासूबाईंनी खापरावरचे मांडे केले होते, आमरस केला होता, सांजोऱ्या तळल्या होत्या. लेक माहेरी आल्यावर करतात ते सगळं. आणि ते सगळं ह्यांना भरवलं होतं. ज्या माणसाच्या पोटात पेजही ठरत नव्हती त्याला! हे गादीवर वाकडे होऊन पडले होते. डोळे पिवळे झाले होते. तळहातांची कातडी सुटून फोडांत पाणी भरलं होतं. गादीवर रक्त होतं.

मी फळीकडे धावले. गोळ्यांची पाकिटं तिथेच होती, न फोडलेली. मी पाकिटं घेऊन सासूबाईंसमोर उभी राहिले. त्यांनी काही लपवलं नाही.

"देत नही मी त्या," त्या म्हणाल्या. "त्या गोळ्या तिले दाबतस. डाक्टरीन सोता सांगनी. माहेरले येल आंडेरले कोनी दाबस का?"

"आत्याबाई, तुमना आंडोर मरी ऱ्हायना."

"ती बी मनीच शे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "एकले मारीसन दुसराले जगाडू का मी?"

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्या क्षणी त्यांची दयाही आली, कारण त्यांचं म्हणणं मला कळत होतं. मॅडमनी समजावून सांगितलं होतं ते ह्या बाईने आमच्यापेक्षा नीट ऐकलं होतं. लेक आत आहे, गोळी लेकीला दाबते, म्हणून गोळी द्यायची नाही. त्यांचा हिशोब सरळ होता. आमच्या घरात लेक माहेरी आली की तिला कुणी पाणी भरायला लावत नाही, आवाज चढवला तर गप्प बस म्हणत नाही. मग मेलेली लेक आली तर तिला कोण म्हणणार?

मी त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं. "हे गयात ते ह्यास्ले तापीवर लई जातीन," मी म्हटलं. "मंग लीलाताई कोठे ऱ्हातीन? तिले अजून एकदाव जाळानी शे का तुमले?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या, जमिनीवर तळहात टेकवून, आणि म्हणाल्या, "रिक्षा बलाव."

इस्पितळात मॅडम आमच्यावर ओरडल्या, आणि त्यांना तो हक्क होता. एक औषध सलाइनमधून सुरू झालं. दुसरं तोंडानेच द्यायचं होतं. आणि हे तोंड उघडेनात. नर्सने करून बघितलं, मी केलं. दात घट्ट आवळलेले. अंगात उठून बसायचं त्राण नव्हतं, पण माझा हात ह्यांनी असा झटकला की मी मागच्या स्टुलावर आदळले. मॅडम म्हणाल्या, तोंडातल्या फोडांच्या वेदनेने असं होतं. त्यांचंही खरं असेल. पण मला त्या चेहऱ्यावर वेदना दिसत नव्हती. मला तिथे हट्ट दिसत होता, आणि तो हट्ट माझ्या चांगला ओळखीचा होता.

मग सासूबाई पुढे आल्या. गोळी त्यांनी माझ्या हातातून घेतली. ह्यांच्या केसांवरून हात फिरवला, कपाळावरून उलट्या बोटांनी, लेकीची दृष्ट काढतात तसा.

"लीला," त्या म्हणाल्या, "आते उगी ऱ्हाय, माय. हाई तुनं घर नही. हाई तुना भाऊनं शे."

माहेरी आलेल्या लेकीला कुठल्याही आईने म्हणू नये असं हे एकच वाक्य असेल. मी त्या घरातली सून. लीलाताईंनी माझे डबे उघडले तेव्हा हेच वाक्य किती वेळा माझ्या ओठांवर आलं होतं. पण आईच्या तोंडून ते ऐकताना मला कानावर हात ठेवावेसे वाटले.

ह्यांचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या पापणीखालून पाणी आलं आणि कानापर्यंत ओघळलं. जबडा सैल झाला. सासूबाईंनी जिभेवर गोळी ठेवली, चमच्याने पाणी घातलं, आणि गोळी गिळली गेली. मॅडम मनगट हातात घेऊन नाडी मोजायला लागल्या.

सासूबाई बाहेर जाऊन बाकावर बसल्या. मी मागोमाग गेले. माघात लीलाताईंना नेलं तेव्हा सगळ्या डिंडोलीच्या बायका रडल्या होत्या, एकट्या ह्या कोरड्या राहिल्या होत्या. आता त्या रडायला लागल्या. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता, लेक नुकतीच गेल्यासारखं. मी त्यांना जवळ घेतलं.

हे वाचले. बरं व्हायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. कातडी नवी आली. नंतरच्या प्रत्येक तपासणीत रोगाचा मागमूस नाही. आता हे परत लूमवर जातात, मला चंचल म्हणूनच हाक मारतात आणि डाळ कशीही झाली तरी मुकाट्याने जेवतात. गोळ्या हळूहळू कमी होत आल्या आहेत. मॅडम म्हणतात, रक्ताचा थेंब न् थेंब लीलाबेनचा आहे आणि पहाऱ्याला त्याच बसल्या आहेत. तळहातांवर जरा लाली दिसली तर खुशाल असू द्या. त्या थकल्या, निघून गेल्या, तर मात्र रोगाला रान मोकळं आहे, आणि आता दुसरी पिशवी कुठे नाही.

म्हणून सकाळी हे चहाला बसले की मी ह्यांचे हात उलटे करून बघते. लाल दिसले तर जीव भांड्यात पडतो. कधी अगदी पांढरे दिसतात. मग मला राहवत नाही. मी तळहातावर वाकून हळूच विचारते, "लीलाताई, आहात ना?"

हे हसतात. सासूबाई हसत नाहीत. त्या भाकरी थापता थापता हात थांबवतात आणि कान देऊन बसतात.